कवायतीच्या सिनेमातली सावली

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

कॅसेट पाहून तुम्ही दोघांनी फोन केलात, तेव्हा मी तुम्हाला नीट उत्तर दिलं नाही. थोरलीने विचारलं, "आजी, तू पायोनियर होतीस हे आम्हाला कधीच का सांगितलं नाहीस?" धाकट्याने विचारलं, "आजी, लेझीमच्या सीनमध्ये खाली मातीवर एक सावली दिसते. कॅमेरावाल्याची चूक झाली का?" मी हसले, फोन महाग पडेल म्हणाले आणि ठेवून दिला. मग बराच वेळ फोनजवळच बसून राहिले.

आता लिहिते आहे, कारण ती पुण्याची मुलगी पुढच्या महिन्यात माझ्याकडे येणार आहे. वऱ्हाडात ज्या बायकांनी एखादी गोष्ट पहिल्यांदा केली, त्यांच्यावर ती माहितीपट बनवते. आमचा जुना मुका सिनेमा तिला एका डॉक्टरांच्या वारसांकडे, कपाटातल्या डब्यात सापडला. त्याला तिने संगीत लावलं, निवेदन लावलं, आणि कच्ची प्रत म्हणून जी कॅसेट मला दिली तीच मी तुम्हाला पाठवली. निवेदनात एक वाक्य आहे: वऱ्हाडातल्या मुलींना मैदानात आणलं ते डॉक्टरांनी. डॉक्टर भले गृहस्थ होते, पण हे खरं नाही. मुलींना मैदानात आणलं ते माझ्या आत्याने. ती मुलगी माझ्यासमोर कॅमेरा लावील तेव्हा मी हे सांगणारच आहे, पण त्याआधी ते तुम्हाला कळावं असं मला वाटतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजीच शिकवलं. पण आत्याला इंग्रजीत बोलायला लावणं मला जमेना. जिथे अडेल तिथे आईला वाचून दाखवायला सांगा.

आधी माणसं सांगते.

माझे वडील अकोल्याला वकील होते. पुण्याला शिकून आलेले, त्यामुळे घरात आम्ही पुस्तकातल्यासारखं बोलायचो. आत्या त्यांची धाकटी बहीण. तिला तेल्हाऱ्याला दिली होती. तेल्हारा म्हणजे अकोल्याच्या उत्तरेला, कापसाच्या गावांपैकी एक. मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. तेव्हा कायद्याने त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. नवी बायको घरात आली त्या आठवड्यात आत्या एक ट्रंक घेऊन आमच्या दारात उतरली. आजी रडायला लागली. वडील म्हणाले, "आत ये. चहा टाकतील." पुढे कोणी काही बोलायला आलं, तर ते अशिलाशी बोलावं तसे बोलायचे: "माझी बहीण माझ्या घरी आहे. यात वाद कुठे आहे?" वडिलांचं हे मी मुद्दाम आधी सांगते. पुढे जे झालं त्यात ते होते, पण ते असेही होते.

तेल्हाऱ्याहून येताना आत्याने तिथली बोली बरोबर आणली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. वडिलांना ते रुचायचं नाही. "अगं, घरात तरी 'मला' म्हण." त्यावर ती म्हणायची, "दादा, लग्नाआंधी सोळा वर्षं 'मला' म्हटलं, त्यानं मले काय देल्लं?"

घरात बसून ती कंटाळली. अमरावतीला उन्हाळ्यात कवायतीचे, लाठी-लेझीमचे वर्ग चालत. पुरुषांचेच. एका वर्षी बायकांसाठी वर्ग निघाला, तेव्हा आत्याने वडिलांना विचारलंही नाही, फक्त सांगितलं. परत आली ती खांदे भरलेली, काळी पडलेली आणि गळ्यात शिट्टी घातलेली. मग आमच्या मुलींच्या शाळेत तिने कवायत सुरू केली. आधी कोणीच मुली पाठवेना. तिने मला पुढे उभं केलं, कारण मी घरचीच होते. वकिलाची मुलगी मैदानात दिसते म्हटल्यावर मास्तरांच्या मुली आल्या, मग भटजींची नात आली. साडीत पाय अडकतो म्हणून तिने शिंप्याकडून आमच्यासाठी ढगळ पायजमे शिवून घेतले. त्या पायजम्यांवरून गावात जे बोललं गेलं ते लिहीत नाही. तुम्ही तिकडे अर्ध्या चड्डीत टेनिस खेळता.

डॉक्टर अमरावतीचे. त्यांच्याकडे विलायतेहून आणलेला छोटा कॅमेरा होता. लोकांना नव्या गोष्टी नुसत्या सांगून पटत नाहीत, दाखवाव्या लागतात, असं ते म्हणायचे. आमच्या कवायतीबद्दल ऐकून ते मोटार घेऊन अकोल्याला आले आणि शाळेमागच्या पटांगणात त्यांनी आमचा सिनेमा काढला.

ती सकाळ मला चांगली आठवते. ऊन मागून यावं म्हणून डॉक्टर उगवतीकडे पाठ करून उभे होते आणि आत्या त्यांच्या शेजारी, आमच्यासमोर. लेझीमचा ताल ती हाताने दाखवायची. डावा हात कमरेवर, उजवा वर. तो खाली आला की आम्ही बदलायचो. सकाळचं ऊन, त्यामुळे तिची सावली लांबलचक आमच्या पायांपर्यंत आली होती.

"बाई, तुमची सावली येते आहे चित्रात. जरा मागे सरका," डॉक्टर म्हणाले.

"मी मांगं सरकली तर पोरींले हात दिसत नाही, डॉक्टर. तुम्हीच सरका."

"मी सरकलो तर ऊन डोळ्यात येतं."

"मंग राहू द्या सावली. फुकटची आहे."

आम्ही सगळ्या हसलो. कॅसेटमध्ये त्या सीनच्या सुरुवातीला मी दात काढून हसताना दिसते, ते या बोलण्यावर.

त्यानंतर डॉक्टरांनी आत्याचीही चित्रं घेतली. ती लाठी फिरवते, दोरावर चढते. एकदा तर अगदी जवळून, पदराने घाम पुसत "झालं का वो?" म्हणताना. हे तुमच्या कॅसेटमध्ये नाही. ते का नाही, तेच सांगायचं आहे.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो अकोल्यालाच, एका जिनात. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. उन्हाळ्यात कापूस संपलेला असतो, आवार मोकळं असतं आणि विजेचं इंजिन जागेवर असतं. गोदामाच्या भिंतीला चुना लावून पडदा केला. सिनेमा मुका, त्यामुळे कोणीतरी शेजारी उभं राहून सांगायला हवं. आत्या लाठी घेऊन भिंतीजवळ उभी राहिली आणि लाठीच्या टोकाने दाखवत बोलायला लागली.

"हे पाहा. ही पोरगी मागच्या साली जिना चढली की धापा टाकून राहिली होती. आता पाहा. हे माही भाची. घरी झाडू हातात धरत नाही, अन् इथं लाठी कशी धरून राहिली!"

बायकांच्या बाजूला भाजीवाल्या, फुलवाल्या बसल्या होत्या. वांगी घेऊन आमच्या दारावर येणारी एक बाई तिथूनच ओरडली, "बाई, हे खेळल्यानं भाकरी कमी लागते का जास्त?"

"जास्त!"

"मंग आमाले नाई परवडत!"

सगळं आवार हसलं. आत्याही हसली. मग म्हणाली, "तुले कायले पाहिजे? तू तर डोक्यावर टोपलं घेऊन रोज कवायत करतंस. हे या बसलेल्या बायांसाठी आहे." आणि तिने लाठी आमच्या शेजारणींकडे वळवली. माझी आई त्यातच होती. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

मी पुढे मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. इतकं मोकळं बोलणारी बाई मी पाहिली नाही.

डॉक्टरांनी ठरवलं की हा सिनेमा गावोगाव दाखवायचा. बाळापूर झालं, मूर्तिजापूर झालं. उन्हाळा सरायच्या आत तेल्हारा करायचं होतं. आत्या तेल्हाऱ्याचीच वाट पाहत होती. तिथे आपण एक वाक्य जास्तीचं बोलणार, असं तिने मला सांगितलं होतं. ते ती परसात, कपडे वाळत घालताना म्हणून पाहायची. शेवटचं चित्र संपलं की लाठी खाली ठेवायची आणि म्हणायचं: "अन् या पोरींले शिकवणारी बाई तुमच्याच गावची सून आहे." एवढंच. पुढे काही नाही. "त्याहीले म्हणा, मी काही शिव्या द्यायले नाही आली," ती म्हणायची. "फक्त पाहा म्हणते. पळून गेली म्हणता ना, मंग कुठं गेली ते पाहा."

पण मधेच एक गोष्ट झाली, जिचा आत्याने विचार केला नव्हता आणि डॉक्टरांनी तर नाहीच.

लोक सिनेमा पाहून मुली पसंत करायला लागले.

तुम्हाला हसू येईल. तेव्हा मुलगी पाहायला मंडळी घरी येत. मुलगी खाली मान घालून बसे, मग तिला चालायला लावत, काहीतरी वाचायला लावत. इथे पडद्यावर सगळं आयतं दिसत होतं. आमच्या शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "चाल दिसली, दात दिसले, हातपाय धड आहेत हेही दिसलं. आता पाहायला कशाला यायचं? पत्रिकाच घेऊन या म्हणावं." बाळापूरला एक गृहस्थ डॉक्टरांना म्हणाले, "डावीकडून तिसरीपाशी मशीन जरा थांबवता का? हिला नीट पाहू दे." थांबवलं तर दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळते, हे डॉक्टरांनी त्या गृहस्थांना समजावून सांगितलं.

डावीकडून तिसरी मी होते.

आत्या संतापली आणि हसलीही. "मी पोरींले धावायले शिकवून राहिली," ती म्हणाली, "अन् हे धावणाऱ्या पोरी पाहून दावं घेऊन आले."

या डावीकडून तिसरीसाठी अमरावतीहूनही विचारणा आली. ती आणली डॉक्टरांनीच. मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर, मुलगा कॉलेजात नुकताच शिकवायला लागलेला. हे तुमचे आजोबा. त्यांनी सिनेमा पाहिला होता आणि डॉक्टरांजवळ कबूल केलं होतं की लग्नानंतर मुलीला कॉलेजात घालीन, बी.ए. होईपर्यंत मध्ये येणार नाही. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला असं स्थळ आलं नव्हतं. माझी मॅट्रिक झाली होती आणि पुढे काय, याचं उत्तर घरात कोणाजवळ नव्हतं.

अडचण मुलाच्या आईची होती. डॉक्टरांनी ती आमच्या बैठकीत, वडिलांसमोर सांगितली. मी आतल्या दाराशी होते.

"मुलगी त्यांना आवडली आहे. पण म्हणतात, तेल्हाऱ्यात आमचे पाहुणे आहेत. उद्या या बाई तिथे उभ्या राहून बोलल्या, तर लोक म्हणतील, नवरा सोडून आलेलीच्या हाताखालची सून आणली."

"म्हणजे बहिणीने बोलू नये," वडील म्हणाले.

"बोलू नये, आणि..." डॉक्टर थांबले. "सिनेमातही दिसू नये. दोन-तीन ठिकाणीच त्या आहेत. तेवढं कापून जोडता येतं. नाहीतरी वकीलसाहेब, बाकीच्या मुलींच्या घरूनही तेच म्हणणं आहे. मुलींची लग्नं अडली तर पुढच्या वर्षी कवायतीला कोण येईल? आपल्याला काम टिकवायचं आहे. माणूस दिसला काय, न दिसला काय."

मुलींनी धीट व्हावं म्हणून हा सिनेमा काढला होता. तो निघाल्यावर सगळ्यांना धीर देणारीलाच त्यातून काढायचं, हे त्या बैठकीत कोणालाही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. दोघेही मनापासून माझ्या आणि कामाच्या भल्याचा विचार करत होते. वडील टेबलावरचे कागद नीट लावत राहिले. शेवटी म्हणाले, "मी तिच्याशी बोलतो."

ते बोलले नाहीत. त्यांना ते जमलं नाही, आणि आत्याला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर मुगवड्या घालत होतो. खाटेवर धोतराचं धुवट कापड, मध्ये डाळीचं पातेलं, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी.

"डॉक्टर येऊन गेले म्हणे काल."

"हो."

"अन् दादा सकाळपासून माह्याकडं पाहत नाही. काय ठरलं?"

मी सगळं सांगितलं. तेल्हाऱ्याला डॉक्टर बोलणार, हेही सांगितलं. ती वड्या घालत राहिली. तिचा हात कधी थांबत नसे.

"अन् तुले काय वाटते?"

मी पातेल्यातली डाळ ढवळत राहिले.

"बोल ना वं. शिट्टी वाजली की सगळ्याहीच्या आधी धावतंस. आता काहून दातखीळ बसली?"

तेव्हा मी म्हणाले, "आत्या, मला शिकायचं आहे."

मुलांनो, हे खोटं नव्हतं. मला शिकायचंच होतं. पण आत्याजवळ ज्याला उत्तर नाही असं एकच वाक्य होतं, आणि ते हे होतं. मला लग्न करायचं आहे म्हटलं असतं तर ती भांडली असती. मला भीती वाटते म्हटलं असतं तर तिने चार शिव्या दिल्या असत्या. तुझं बोलणं मला आवडत नाही म्हटलं असतं तरी तिने ऐकून घेतलं नसतं. शिकायचं आहे म्हटल्यावर ती काय बोलणार? त्यासाठीच तर तिने मला पायजमा घालून उन्हात उभं केलं होतं. हे त्या वेळी मला कळत होतं की नव्हतं, ते आज मी खात्रीने सांगू शकत नाही. थोडं कळत असावं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग शीक."

थोड्या वेळाने म्हणाली, "वडी लहान घाल. एवढी मोठी वाळत नाही."

त्या संध्याकाळी तिने डॉक्टरांना स्वतःच निरोप दिला, की माझे भाग काढा. पुढे ते कापलेले तुकडे कुठे गेले, कोणालाच ठाऊक नाही.

तेल्हाऱ्याला आम्ही मुली गेलो. सिनेमाआधी आमचं लेझीम प्रत्यक्ष दाखवायचं होतं. आई सोबत आली. आत्या घरी राहिली. डोकं दुखतं म्हणाली. तिचं डोकं कधी दुखत नसे.

तिथलंही आवार जिनाचंच, भिंत चुन्याची. डॉक्टर चांगलं बोलले. आत्याच्याच मजकुराला त्यांनी नीटनेटकं केलं होतं. भाजीवालीची भाकरी त्यांनी गाळली होती, आणि हसलंही कोणी नाही. मी आईजवळ, बायकांच्या बाजूला बसले होते. आमच्या पुढे एक म्हातारी होती. वाळलेली, डोक्यावरून पदर, मांडीवर झोपलेला नातू. लेझीमचा सीन आला. डॉक्टरांना तो कापता आला नव्हता, कारण सगळ्या मुली त्यातच होत्या. भिंतीवर आम्ही नाचत होतो आणि आमच्या पायांशी ती सावली होती, डावा हात कमरेवर, उजवा वर.

म्हातारी पुढे झुकली. "ते खाली कोन हाय वं?"

शेजारची म्हणाली, "असंन कोनी फोटोवाला."

"फोटोवाला कमरेवर हात ठेवते काय? गप वं." ती पाहत राहिली. सावलीचा हात खाली आला, पुन्हा वर गेला. "ते आमची हाय. भांडाले उभी राह्यली का अशीच राहे माह्यापुढं. एक हात कमरेले अन् एक वर." मग ती मोठ्याने म्हणाली, आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमची थोरली सून हाय ते!"

बायका वळून पाहायला लागल्या. आईने माझं मनगट धरलं.

सीन संपला. पडद्यावर दुसरं काहीतरी आलं. म्हातारी अजून भिंतीकडेच पाहत होती. तिने शेजारणीला विचारलं, "अन् मानूस काहून नाही दाखवत? सावलीच काहून?"

शेजारणीला माहीत नव्हतं. मागे दोन हातांवर मी बसले होते, मला माहीत होतं. मी आईकडे पाहिलं. आई समोर पाहत होती. मग मीही समोर पाहिलं.

घरी आल्यावर आत्याने आधी इकडचं तिकडचं विचारलं. गर्दी होती का, भिंतीला चुना नीट लावला होता का, माझी शेवटची गिरकी चुकली तर नाही ना. मग मी तिला सांगितलं की तिची सासू आली होती.

"म्हातारी जाडी झाली का वाळली?"

"वाळली."

"काय म्हणे?"

मी जे ऐकलं ते जसंच्या तसं, त्याच बोलीत सांगितलं. आमची थोरली सून हाय ते.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. ती विहिरीवर निघाली होती, कळशी हातात होती. ती तशीच उभी राहिली. "सावलीवरून ओळखलं," ती म्हणाली. "डोये चांगले आहेत म्हातारीचे." मग पाणी भरायला गेली.

माणूस का नाही दाखवत, हा म्हातारीचा प्रश्न मी तिला सांगितला नाही.

माझं लग्न त्याच हंगामात झालं. आत्याचा नवरा जिवंत होता, म्हणजे रीतीने ती सवाष्ण होती. निघताना माझी ओटी भरायचा तिचा हक्क होता. कोणी तिला बोलावलं नाही. ती मांडवाच्या खांबाजवळ उभी होती, नव्या नऊवारीत. माझ्या सासूबाई समोर होत्या. "आत्याला बोलवा" एवढं म्हणायला माझं काहीच गेलं नसतं. मी म्हटलं नाही. गाडी निघाली तेव्हा तिने शिट्टी वाजवली, मैदानात वाजवायची तशी, आणि सगळे वऱ्हाडी दचकले. मी गाडीत खूप रडले. लोकांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला पटायला जड जाईल. माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या. माझ्या परीक्षा असल्या की त्या पहाटे उठून मला पाणी तापवून द्यायच्या. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटले. तुमच्या आजोबांनी दिलेला शब्द पाळला. मी शिकले, मी शिकवलं, तुमच्या आईला शिकवलं, आणि तुम्ही आहात. हे सगळं मला मिळालं, आणि ते मिळताना एक बाई एका भिंतीवरून पुसली गेली. सासूबाईंना, डॉक्टरांना किंवा वडिलांना दोष देऊन मोकळं व्हायचा मी प्रयत्न केला आहे. होता येत नाही. त्यांच्यापैकी कोणालाही ते वाक्य परसात ऐकायला मिळालं नव्हतं. मला मिळालं होतं.

आत्या अकोल्याच्या शाळेत कवायत शिकवत राहिली. तिच्या हाताखालून किती मुली गेल्या ते तिनेही मोजलं नाही. सामन्यांना मुली घेऊन ती अमरावतीला यायची, तेव्हा आमच्याकडे संत्री टाकून जायची. बाहेरच्या खोलीत बसायची, चहा घ्यायची, मला म्हणायची, "वजन वाढून राहिलं तुहं, लाठी फिरवत जा." त्या सगळ्या वर्षांत तिने मला एकदाही काही म्हटलं नाही. तिने मला माफ केलं, असं मी धरून चालले. तिने तसं कधी म्हटलं नव्हतं. कापलेला सिनेमा तिने कधी पाहिला नाही. त्यात आपली फक्त सावली उरली, हे तिने पाहिलं नाही, माझ्या तोंडून ऐकलं. मग महायुद्धाची लढाई आली, कच्ची फिल्म मिळेनाशी झाली, डॉक्टर थकले आणि तो डबा कपाटात गेला. आत्या गेली तेव्हा मी पोचेपर्यंत तिला घरातून नेलं होतं.

तेव्हा थोरले, मी पायोनियर नव्हते. मी डावीकडून तिसरी होते. आणि धाकट्या, ती कॅमेरावाल्याची चूक नाही. त्याला ती काढता आली नाही, एवढंच.

पुण्याच्या मुलीने मला फोनवर विचारलं की आणखी कोणाचे जुने फोटो आहेत का. आत्याचा एकही फोटो नाही. शाळेतला एक होता, तो वाळवीने खाल्ला. मी तिला सांगणार आहे की ते निवेदनातलं वाक्य काढ, त्या सीनवर संगीत ठेवू नकोस, आणि तिथे आत्याने तेल्हाऱ्यासाठी राखलेलं ते वाक्य घाल. मीच म्हणेन, माझ्या आवाजात. ती घालील की नाही, मला माहीत नाही. तिलाही तिच्या सिनेमाची लांबी सांभाळायची आहे.

तुम्ही कॅसेट पुन्हा लावाल तेव्हा लेझीमच्या सीनमध्ये आम्हा मुलींच्या नजरा पाहा. आमच्यापैकी एकही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. सगळ्या जरा बाजूला, एकाच ठिकाणी पाहतो आहोत. तिथे आत्या उभी आहे. तिचं आता एवढंच उरलं आहे: मातीवर पडलेली सावली, एक हात कमरेवर, एक वर, आणि तो हात खाली यायची वाट पाहणाऱ्या आम्ही.